कोरड्या पाण्याची कहाणी

आटपाट नगर होतं. नगराचं नाव पोट्सडाम. बर्लिनपासून जवळ, हाफेल नदीच्या काठी. तिथे प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा राहायचा. लढाईत शूर, बासरी वाजवण्यात तरबेज, आणि बोलायला फ्रेंचशिवाय दुसरी भाषा नको. त्याने एका उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी द्राक्षं लावली, माथ्यावर टुमदार एकमजली महाल बांधला आणि त्याला नाव दिलं साँसुसी. म्हणजे चिंता नसलेला. आपल्याकडे निवृत्तीनंतर बांधलेल्या बंगल्यावर ‘निश्चिंत’ अशी पाटी असते ना, तसंच. १७४७ साली महाल उभा राहिला आणि राजाला चिंता लागली ती कारंज्याची.

कारंजं साधंसुधं नको होतं. फ्रान्सच्या राजाकडे व्हर्सायला होतं तसं, उंच, लांबून दिसणारं. बेतही ठरला. नदीचं पाणी पवनचक्कीच्या पंपांनी जवळच्या टेकडीवरच्या टाकीत चढवायचं, तिथून नळाने बागेत सोडायचं. उतरताना जो जोर येईल त्या जोरावर ते उसळेल. गच्चीवरची टाकी आणि खालचा नळ, इतकाच हिशोब. टाकी उघडी दिसायला नको म्हणून तिच्याभोवती रोमन देवळांचे भग्नावशेष नव्याने बांधून घेतले. पडके खांब मुद्दाम पडके बांधायचे म्हणजे किती खर्च येतो कोण जाणे, पण त्या कामात पैशाची कुचराई झाल्याचं दिसत नाही. ते अवशेष नीट उभे राहिले. कुचराई झाली ती जमिनीखाली, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे. नळात.

पहिले नळ लाकडाचे होते. पंप चालू झाले की ते फुटायचे. दुरुस्त केले, पुन्हा फुटले. मग शिशाचे नळ आले. ते फुटत नव्हते, पण अरुंद होते. रुंद नळाला शिसं जास्त लागतं आणि शिसं फुकट मिळत नाही. पवनचक्की गरगरत राहिली आणि टेकडीवरची टाकी पावसाची वाट बघत राहिली.

आता या राजाच्या पदरी एक मोठा गणिती होता. लिओनार्ड ऑयलर. १७४१ पासून तो बर्लिनच्या विद्वत्सभेत होता. त्या काळात जगात त्याच्या तोडीचा गणिती शोधून सापडला नसता, पण दरबारात त्याची किंमत बेताचीच. राजाला चटपटीत बोलणारी माणसं आवडत. ऑयलर साधा, देवभोळा, आणि एका डोळ्याने अधू. त्यावरूनही राजा मागे टोमणे मारायचा. तरी नळ फुटायला लागल्यावर त्याला विचारलं गेलं.

ऑयलरने हिशोब मांडला. पंप पाणी सलग ढकलत नाही, धक्क्याधक्क्याने ढकलतो. लांबलचक नळात थबकलेलं पाणी दर धक्क्याला नव्याने चालतं करावं लागतं. नळ जितका अरुंद, तितकं त्यातलं पाणी जास्त वेगाने धावायला हवं, आणि तितका नळाच्या अंगावर ताण. नुसती टेकडीची उंची मोजून तो ताण कळत नाही. आपल्या घरातही तोटी फटकन बंद केली की भिंतीतला पाईप धाडकन वाजतो. पाणी अडवताना जे होतं, तेच ते एकदम ढकलतानाही होतं. १७४९ च्या ऑक्टोबरात त्याने राजाला कळवलं की आहे या स्थितीत टाकीत एक थेंबही पोचणार नाही, यंत्राचा सगळा जोर यंत्र आणि नळ मोडण्यातच जाईल. नळ रुंद करा, त्यांच्या भिंती जाड करा.

राजाने कागद घेतला. नळ बदलले ते मात्र ऑयलरच्या हिशोबाने नव्हेत.

पुढे युद्ध आलं, सात वर्षं चाललं. कारंजं बाजूला पडलं. ऑयलर १७६६ साली बर्लिन सोडून रशियाला निघून गेला. आणि १७७८ साली म्हाताऱ्या राजाने आपल्याहून म्हाताऱ्या मित्राला, व्होल्तेरला, पत्रात लिहिलं की बागेत कारंजं करायचं होतं, ऑयलरने चाकांचं गणित केलं, भूमितीच्या नियमांनी चक्की बांधली, आणि तिला टाकीच्या पन्नास पावलं अलीकडेपर्यंतसुद्धा चूळभर पाणी नेता आलं नाही. भूमितीचा सगळा पोकळ डौल!

पत्र झकास आहे. व्होल्तेर हसला असेल. पुढे दोन शतकं लोक हीच गोष्ट सांगून हसले: बघा, एवढा मोठा गणिती, पण कारंजं उडेना. पुस्तकी पंडित, दुसरं काय! ऑयलरचं ते इशाऱ्याचं पत्र मात्र कुणी शेजारी ठेवून वाचत नव्हतं.

पण म्हणून गणिती अगदी धुतल्या तांदळासारखे होते असंही नाही. त्यांच्या पाण्यातही एक गोम होती, आणि ती ऑयलरपेक्षा एका पॅरिसकराने जास्त उघडी केली.

त्याचं नाव दालाँबेर. पाण्यात धरलेल्या वस्तूला पाणी किती विरोध करतं, यावर १७५० साठी बर्लिनच्या सभेने बक्षीस लावलं होतं. दालाँबेरने निबंध पाठवला. सभेने बक्षीसच दिलं नाही. म्हणाली, गणित प्रयोगाशी जुळवून दाखवा. तो चिडला आणि १७५२ साली निबंध स्वतःच छापून मोकळा झाला. त्यातून निघालेलं उत्तर विलक्षण होतं. प्रवाहात एखादी गोलसर वस्तू धरा. पाणी पुढून तिला मागे रेटतं, बाजूंनी वळसा घालतं, मागे पुन्हा मिळतं, आणि मागून तिला अगदी तितक्याच जोराने पुढे रेटतं. बेरीज शून्य. म्हणजे भर पुरात पुलाचा खांब उभा आहे आणि पाणी त्याला ढकलतच नाही. म्हणजे होडीला एकदा गती दिली की वल्ही खाली ठेवून निवांत बसावं.

आकडेमोडीत चूक नव्हती. चूक पाण्यात होती. गणित सुटावं म्हणून या लोकांनी पाण्यातून एक गुण काढून घेतला होता: एका थराने दुसऱ्या थराला धरून ठेवण्याचा, आणि ज्याला लागेल त्याला चिकटून राहण्याचा. पाठ्यपुस्तकात त्याला श्यानता म्हणतात. शब्द असा की उच्चारतानाच जीभ चिकटावी. हा गुण काढला की उरतं ते पाणी सगळ्याला शिवून जातं आणि कशालाही भिजवत नाही. ऑयलरची १७५७ साली छापलेली प्रसिद्ध समीकरणंही याच पाण्याची. विसाव्या शतकात जॉन फॉन नॉयमन नावाच्या गणित्याने असल्या पाण्यावर आयुष्य घालवणाऱ्यांची थट्टा करत त्याला नाव दिलं ‘कोरडं पाणी’. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनने आपल्या व्याख्यानांत ते नाव उचललं. त्याच्या पुस्तकात एक प्रकरण कोरड्या पाण्याच्या प्रवाहावर आहे, आणि लगेच पुढचं ओल्या पाण्याच्या.

नाव इंग्रजीत ठेवलं गेलं, पण ते खुलतं मराठीत. कारण आपल्याकडे कोरडं म्हणजे नुसतं न भिजलेलं नव्हे. कोरडी चौकशी असते, कोरडा उपदेश असतो. आणि ओलावा जिथे असतो तिथे माणूस रेंगाळतो, त्याचा पाय निघत नाही. ओल्या पाण्याचं शास्त्रही याहून फार वेगळं काही सांगत नाही.

असो. कहाणी पुढे चालवू. १७६३ साली, युद्ध संपल्यावर, राजाने दालाँबेरला पोट्सडामला बोलावून घेतलं. बर्लिनच्या विद्वत्सभेचं अध्यक्षपद त्याला द्यायचं होतं. तो उन्हाळ्यात आला, काही आठवडे राजाचा पाहुणा म्हणून राहिला आणि अध्यक्षपद नको म्हणून पॅरिसला परतला. म्हणजे कोरड्या पाण्याचा कर्ता कोरड्या कारंज्याच्या बागेत खरोखरच हिंडून गेला. इथे मला एक माळी हवा. इतिहासात त्याचं नाव-गाव नाही. तो माझ्या पदरचा आहे, आणि पंडितांशी झालेलं त्याचं बोलणंही माझ्याच पदरचं. बाकी घडलेलं तसं सांगतो आहे.

तर माळी दोन बादल्यांची कावड खांद्यावर घेऊन झाडांना पाणी घालत होता. हौदाच्या कठड्याशी पाहुणे उभे होते. हौदात पाचोळा.

“माळीबाबा, हे कारंजं उडतं कधी?”

“एकदा उडालं होतं, महाराज. नऊ वर्षं झाली. गुड फ्रायडे होता. टाकीत पावसाचं न् बर्फाचं पाणी साठलं होतं, तेवढं थोडा वेळ उडालं न् संपलं. नदीचं पाणी काही वर चढलं नाही. आपण काय करता?”

“मी पाण्याचे हिशोब करतो.”

“मग बरे भेटलात. काय म्हणतो हिशोब?”

पंडित जरा ओशाळले. पण माणूस सरळ होता. “माझा हिशोब म्हणतो की वाहत्या पाण्यात खांब रोवला तर पाणी त्याला ढकलत नाही.”

माळी हसला नाही. त्याने एक बादली झाडाच्या मुळाशी पूर्ण ओतली, मग ती उलटी करून धरली. एक थेंब पडला. थोड्या वेळाने दुसरा. मग त्याने बादलीच्या आतून हात फिरवला आणि ओला तळवा पंडितांच्या पुढे धरला.

“बादली मी रिकामी केली. तरी एवढं मागे राहिलं. हे तुमच्या कागदावर कुठं आहे?”

“नाही. ते मी काढून टाकलं. ते ठेवलं तर गणित सुटत नाही.”

“काढलंत ते काढलंत. पण काढलंय म्हणून कुणाला सांगितलंत का?”

“छापून सांगितलं. उत्तर जगाशी जुळत नाही तेही सांगितलं, आणि ते कसं जुळवावं हे मला दिसत नाही, तेही.”

माळ्याने तळवा धोतराला पुसला. (विजार असणार ती, पण माझा माळी आहे, धोतरच नेसेल.)

“मग तुमचं पाणी चाललं, महाराज. आमच्या नळवाल्यानंही पाणी कोरडं केलं होतं. अरुंद नळातनं पाणी अंग चोरून जाईल, कुठं घासणार नाही, असं धरून चालला. शिसं वाचलं त्याचं. पण ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.” मग माळी आवाज खाली आणून म्हणाला, “आणि वर महालात तर हिशोब लिहून पोचला होता. पण तिथं ज्यांना तो नको होता त्यांनी त्यातलं नको ते गाळलं. गाळलं हे तर त्यांचं त्यांनाही आठवत नाही. तुम्हाला तुमचं आठवतं, एवढाच काय तो फरक.”

आणि कावड उचलून तो पुढच्या झाडाकडे गेला.

ओल्या पाण्याची मोजणी पुढे सुरू झाली ती एका डॉक्टरच्या हातून. प्वाझय नावाच्या फ्रेंच वैद्याला शरीरातल्या बारीक नळ्यांतून रक्त कसं वाहतं ते हवं होतं. १८४० च्या सुमारास त्याने केसासारख्या काचनळ्यांतून पाणी सोडून मोजलं. नळीची रुंदी निम्मी केली, बाकी सगळं तसंच ठेवलं, तर पाणी निम्मं येत नाही, पावही येत नाही. सोळावा हिस्सा येतं. नळवाल्याला हे कुणी सांगितलं असतं तर! मोठ्या नळात नियम थोडा बदलतो, पण दया तिथेही नाही. चार इंची पाईपऐवजी दोन इंची टाकून तेवढंच पाणी तेवढंच लांब न्यायचं म्हटलं, तर घर्षणात वाया जाणारा जोर सुमारे बत्तीस पट होतो. उपसा सिंचनाची पाईपलाईन करताना पाईपच्या दरपत्रकावर बोट ठेवून “जरा लहान साईज बघा ना” म्हणणाऱ्याने हा आकडा घरी जाऊन भिंतीवर लिहावा. पुढे लाईट बिलाच्या रूपाने तो तसाही दर महिन्याला घरी येतोच.

समीकरणांत ओल परत आणली ती नाव्हिएने १८२२ मध्ये, आणि पुढे १८४५ मध्ये स्टोक्सने. पण ती समीकरणं इतकी अवघड की सोडवता सोडवता पंडित पुन्हा कोरड्या पाण्याकडे वळत. शेवटी १९०४ साली हायडेलबर्गच्या गणितज्ञांच्या परिषदेत लुडविग प्रांट्ल नावाच्या तरुण प्राध्यापकाने सुमारे दहा मिनिटांत सगळा घोळ उलगडून दाखवला. हा गृहस्थ आधी कारखान्यात नोकरीला होता. लाकडाचा भुसा ओढून घेणाऱ्या यंत्राच्या नळ्या दुरुस्त करताना हवा भिंत सोडून भलतीकडेच जाते हे त्याने पाहिलं होतं. पुढे त्याने हाताने चाक फिरवून पाणी खेळवायचं एक साधं पात्र केलं आणि त्यात डोळे लावून बसला.

त्याला जे दिसलं ते तुम्हालाही दिसतं, दिवाळीच्या साफसफाईला स्टुलावर चढलात की. वर्षभर गरगर फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यावर धुळीचा थर असतो. अठ्ठेचाळीस इंची पंखा मिनिटाला ३३० फेरे घेत असेल तर पात्याचं टोक ताशी सुमारे पंचाहत्तर किलोमीटरने धावतं. एवढ्या वाऱ्यात धूळ टिकते कशी? टिकते, कारण अगदी पात्याला लागून असलेली हवा वाहतच नाही. ती पात्याला चिकटून त्याच्याबरोबर फिरते. तिच्यावरचा थर किंचित सरकतो, त्यावरचा आणखी थोडा, आणि बोटभर अंतराच्या आतच हवा आपल्या वेगाने मोकळी होते. हवा ओली आहे, फाइनमनच्या अर्थाने. कोरडी असती तर पंखा पुसावा लागला नसता. अर्थात कोरड्या हवेत पंख्याने वाराही घातला नसता.

प्रांट्ल म्हणाला, सगळं भांडण या कागदाएवढ्या थरात आहे. थराबाहेर दालाँबेरचं, ऑयलरचं कोरडं पाणी खुशाल वापरा, उत्तर बरोबर येईल. पण हा थर वस्तूला घासून घासून थकतो. पुढून वळसा घालून आलेलं पाणी मागच्या बाजूला पुन्हा मिळायला निघतं, तेव्हा या थकलेल्या थरात दम उरलेला नसतो. तो भिंत सोडतो, मागे भोवरे पडतात, मागून मिळायचा रेटा मिळत नाही, आणि पुलाच्या खांबाला पूर लागतो. दीडशे वर्षांपूर्वी माळ्याच्या तळव्यावर जेवढं पाणी उरलं होतं, जवळजवळ तेवढंच. पुढे विमानांचे पंख याच हिशोबाने आखले गेले.

कारंजं? ते उडालं. पण १८४२ साली, राजा जाऊन छप्पन्न वर्षं झाल्यावर, त्याच्या पुतण्याच्या नातवाच्या राज्यात. वारा नव्हे, वाफ लागली. बोर्झिगच्या कारखान्याचं ८१.४ अश्वशक्तीचं इंजिन हाफेलच्या काठी बसवलं, आणि इंजिन दिसू नये म्हणून त्यावर मशिदीसारखी इमारत बांधली. धुराडं म्हणजे तिचा मिनार. झाकायची हौस त्या घराण्यात पिढीजात होती. पण या वेळी पाणी टेकडीवरच्या टाकीत खरोखर चढलं आणि बागेत ३८ मीटर उसळलं.

राजाने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की मला साँसुसीच्या गच्चीवर, माझ्या कुत्र्यांशेजारी पुरा. तीही इच्छा कुणी लगेच ऐकली नाही. अखेर १९९१ साली, मरणानंतर दोनशे पाच वर्षांनी, त्याला तिथे आणलं. वर साधी दगडी शिळा आहे. त्याने प्रजेला बटाटा लावायला शिकवलं म्हणून येणारे-जाणारे तिच्यावर बटाटे ठेवून जातात. पायऱ्यापायऱ्यांच्या द्राक्षमळ्याखाली, त्याच्या पायाच्या बाजूला, कारंजं उडत असतं.